विलायतेचा सालदार

उकंडरावांच्या घरी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी जे चाले, ते पाहायला गल्लीतली चार माणसं काहीतरी निमित्त काढून ओट्याशी टेकत. तसं पाहण्यासारखं त्यात फार नव्हतं. वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणारा सालदार कडूबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचा आणि आपली तुतारी ओट्याच्या कडेला आडवी ठेवायचा. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला बारीक आर, म्हणजे लोखंडी टोचणी, लावलेली. कडूबानं तिला हौसेनं घुंगरं बांधली होती, आणि बैलांना टोचण्यापेक्षा ती वाजवण्यावरच त्याचा भर असे. तुतारी ठेवली की तो दोन पावलं मागं सरून उभा राही. मग उकंडराव उठत, फेट्याचं टोक सारखं करत आणि म्हणत, "कडूबा, तुहं साल पुरं झालं. तू मोकळा. जा."

'जा' हा शब्द त्या घरात एरवी कुणी कुणाला म्हणत नसे. शेजारीण विरजण घेऊन निघाली तरी तिला 'येजो वं' म्हणायचं. शेताला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडायचा. पण सालदाराला वर्षातून एकदा तोंडानं 'जा' म्हणायचंच, असा उकंडरावांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक होता. आधी माणूस सुटा करायचा. त्याला 'राह' म्हणायचं नाही, मागं माणूस धाडायचा नाही. तुतारी ओट्यावर पडून राहील. पाडव्याच्या सकाळी त्याची मर्जी असली तर तो आपण होऊन येईल आणि उचलील. नसली तर दुसऱ्याच्या दारात उभा राहील, त्याचा राग धरायचा नाही. कडूबानं इतक्या वर्षांत एकदाही तुतारी पडून राहू दिली नव्हती. तरीसुद्धा दर पाडव्याला घुंगरं वाजेपर्यंत उकंडरावांच्या घशाखाली चहा उतरत नसे, आणि हे फक्त त्यांच्या बायकोला, तानुबाईंना ठाऊक होतं.

घरात एकुलता एक मुलगा, उत्तम. महाराष्ट्र झाला त्या साली तो नागपूरच्या मेडिकलला लागला. डॉक्टर झाला, डोळ्यांचा झाला, आणि डोळ्यांचंच पुढचं शिकायला विलायतेला गेला. जाताना दोन वर्षं म्हणून गेला होता. तिथून त्यानं कळवलं की एका दवाखान्यात नोकरी लागली, वर्षभराचा करार झाला. नीळकंठ मास्तरांनी ओट्यावर बसून ते पत्र वाचलं तेव्हा तानुबाई आतून म्हणाल्या, "वर्साचा करार म्हंजी सालच की. माह्या लेकानं साल धरलं म्हना."

झालं. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी विचारलंच, "काय उकंडराव, लेक सालदारी करून राह्यला म्हंते विलायतेत?" दोन बैलजोड्यांचा धनी, त्याचा मुलगा सालदार! उकंडराव त्या दिवशी बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं होतं तेसुद्धा उठून स्वतः घेतलं. पण चार दिवसांनी बांधावरून चालता चालता त्यांच्याच मनात आलं, बाई बोलली ते काही वाईट नाही. सालाला शेवट असतो. साल पुरं होतं, माणूस मोकळा होतो, घरी येतो. तेव्हापासून तेही म्हणू लागले, "यंदाचं साल झालं की येते उत्तम."

यंदाचं झालं, पुढचं झालं. विलायतेत साल पाडव्याला संपत नसून भर पावसाळ्यात संपतं, असं मास्तरांकडून कळलं. म्हणून मग पावसाळ्याची वाट पाहिली. पावसाळ्यात उत्तमनं नवं साल धरलेलं असायचं.

इकडे तानुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याची सुरुवात उत्तमनं स्वतःच पाहिली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी बॅटरीचा उजेड डोळ्यांत पाडून तो म्हणाला होता, "माय, कच्चा हाय अजून. पिकू दे. मी आलो की मीच काढीन." एवढं बोलणं तानुबाईंनी पदराच्या गाठीला बांधून ठेवावं तसं ठेवलं. कुणी विचारलं की सांगायच्या, "पिकू देऊन राह्यली. उत्तमच काढनार हाय."

मोतीबिंदू पिकत गेला. आधी सुईत दोरा जाईना. मग ज्वारीतले खडे दिसेनात, तेव्हा त्या सूप मांडीवर घेऊन बोटांनीच दाणा न् दाणा चाचपू लागल्या. चुलीवरची भाकरी वासावरून उलटायच्या. उकंडरावांच्या दाताखाली खडा आला तर ते तो जिभेनं गालात सरकवत आणि हात धुताना हळूच थुंकत. एकदा कोथिंबीर म्हणून तानुबाईंनी पिठल्यावर गाजरगवत चिरून घातलं, ते मात्र गिळवेना. उकंडराव म्हणाले, "अवो, हे काय हाय?" तानुबाईंनी बोट लावून चाखलं, ताट ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "दह्यासंगं खा आज."

त्या साली गहू बरा आला होता. खळ्यावर मळणीच्या बैलांची पात फिरत होती, कडूबा बैलांमागं गोल गोल चालत होता आणि भुसा उडून सगळ्यांचे कान-नाक पिवळे झाले होते. दुपारी तानुबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन धुऱ्यानं, बांधाबांधानं यायच्या. वाट त्यांच्या पायांना पाठ होती. पण खळ्यासाठी वाटेतली बोराटी तोडली होती, आणि त्या काट्यांच्या खुणेवरच त्यांची पावलं वळत. खूण गेली. त्या सरळ चालत राहिल्या, आणि पुढं बिनकठड्याची विहीर होती.

"माय! उभी राह्य!" कडूबा ओरडला तशा त्या जागीच थांबल्या. पायाखालची माती सुटून खाली पाण्यात पडल्याचा आवाज उकंडरावांना खळ्यावर ऐकू आला. त्यांना पळता येईना. कडूबाच पळाला. धन्याच्या बायकोचा हात कसा धरावा म्हणून त्यानं तुतारीचं मागचं टोक पुढं केलं, आर आपल्याकडं ठेवून. "हे धरा, माय. अन् मी चालतो तसं चाला."

तानुबाईंनी तुतारी धरली. पुढं कडूबा, मागं त्या, मध्ये घुंगरं वाजताहेत. शेजारच्या वावरात हरभरा उपटणाऱ्या बाया कमरेवर हात देऊन पाहू लागल्या. उकंडरावांना ते पाहवेना. त्यांनी गव्हाच्या पेंढ्या उगाच इकडच्या तिकडं केल्या.

लिंबाखाली बसल्यावर ते म्हणाले, "हिवऱ्याले आश्रमात डोयाचं शिबिर भरून राह्यलं, पाडव्याच्या मांगून. जाऊन येऊ."

"मी नाई."

"काऊन?"

"माह्या पोटचा पोरगा डोयाचा डाक्टर. अन् मी शिबिरात रांगेत बसू? लोकं थुंकतीन तोंडावर."

"पिकेल पीक उभं ठेवलं तर दाना झडते. तुलेच समजते ना?"

तानुबाईंनी भाकरी मोडली आणि त्यांच्या हातावर कांदा ठेवला. बरोबर हातावर ठेवला, मुद्दाम.

त्याच आठवड्यात तार आली: उत्तम पाडव्याला येतोय.

तो आला तेव्हा गाव दुसरबीडच्या एसटी थांब्यापर्यंत सामोरं गेलं. अंगानं भरला होता, रंग उजळला होता, आणि एसटीतून उतरता उतरता कडूबाला पाहून "काय बे कडूबा!" म्हणाला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बोली तीच होती. बायको शरयू, तीही तिकडंच डॉक्टर, दिवस गेले होते म्हणून आली नव्हती. स्वतःला थोडीच सुटी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दवाखानाच भरला. कुणाचे गुडघे, कुणाच्या पोराचा कान, कलाबाईच्या सुनेचा खोकला. डोळ्यांच्या डॉक्टरला गावानं सगळी दुखणी दाखवली आणि त्यानं हसत हसत सगळी पाहिली. कोपरापर्यंत बाह्या सारून तो पोरांच्या पापण्या उलटत होता, म्हाताऱ्यांना ओरडून विचारत होता, मध्येच चहा मागत होता. उकंडराव खांबाला टेकून पाहत होते. किती दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं! बाजूची खोली मोकळीच आहे, कडबा दुसरीकडं हलवता येईल, खिडकी पाडता येईल, असं सगळं त्यांच्या डोक्यात चालू झालं होतं.

शेवटी त्यानं आईला पुढं घेतलं. सावलीत बसवून, छोट्या यंत्रातून उजेड पाडून, बराच वेळ एका डोळ्यात, मग दुसऱ्यात पाहिलं.

"पिकला का रे?" त्यांनी विचारलं.

"लय पिकला, माय. आंदीच काढायचा व्हता. आता ठेवला तर डोया जाईन."

"मंग काढ."

उत्तमनं यंत्र डबीत ठेवलं. डबी मिटायला त्याला वेळ लागला. "अथी कसा काढू, माय? खोली पायजे, सामान पायजे. मांगून पट्टी सोडेपर्यंत मानूस जवळ पायजे, अन् माही सुटी तेवढी नाई. तू मुंबईले चाल, माह्या वळखीचा डाक्टर हाय. नाई तर तिकडंच चाल माह्यासंगं. तिकडं मीच काढतो."

"अन् म्हैस कोन पाहीन?" तानुबाई हसल्या. "राहू दे. पुढच्या खेपेले काढजो."

सगळे गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तिकडं म्हाताऱ्या बायाइचे डोये काढतोस ना तू?"

"हाव. रोजच."

"त्याइचे पोरं कुठी राह्यते मंग?"

"असतात कुठं कुठं. दूर दूर," तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यापुरती त्याची बोली सुटली.

संध्याकाळी बापलेक वावरात गेले. खळं उरकलं होतं, गव्हाची रास कडब्यानं झाकली होती. उत्तमनं मूठभर गहू उचलला, या हातातून त्या हातात केला आणि राशीकडंच पाहत म्हणाला, "आबा, तिकडचे मले पक्कं करून राह्यले. साला-सालाचं नाई आता. कायमचं."

"हं," उकंडराव म्हणाले.

"अथी येऊन मी काय करू, सांगा? सरकारी दवाखान्यात टाकतीन, तिथी बॅटरीले सेल नसते. शिकेल सारं विसरून जाईन मी."

"हं."

"तुमी काही बोलत काऊन नाई?"

उकंडरावांना पुष्कळ बोलायचं होतं. राह बे, असं म्हणायचं होतं. कडब्याच्या खोलीचं सांगायचं होतं. मुलाच्या खांद्यावर हात टाकून रडावंसंही वाटलं, का नाही वाटणार? पण ज्या जिभेनं सालदारालासुद्धा कधी 'राह' म्हटलं नाही, ती मुलाला काय म्हणणार? त्यांना वाटे, सांगून राहिलेला माणूस राहिलेला नसतोच. ते एवढंच म्हणाले, "दहिवर पडन. गहू नीट झाक."

ते घरी आले तेव्हा तानुबाई म्हशीखाली बसल्या होत्या. धारेचा आवाज भांड्यात घुमत होता. उकंडरावांनी उत्तमचं बोलणं सांगितलं. तानुबाईंचा हात थांबला नाही.

"म्हून म्हंतो, हिवऱ्याले चाल," उकंडराव म्हणाले. "त्याच्या खेपेची वाट कायले पाहतेस?"

"तुमाले समजत नाई," तानुबाई हळूच म्हणाल्या. "डोये झाले तर त्याले यायले काय राह्यते? आता कसं, मायचे डोये काढाचे बाकी हाय. येईन कधी ना कधी."

उकंडराव गोठ्याच्या दारात उभेच राहिले. शिबिराची लाज नव्हती तर ही! दोन डोळ्यांचा कासरा करून बाईनं मुलाला इतकी वर्षं बांधून धरलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त माया आली. भांडं भरलं होतं. तानुबाईंनी ते अंदाजानं उचललं आणि दूध काठावरून लुगड्यावर सांडलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कडूबानं तुतारी ठेवली. उकंडरावांनी फेट्याचं टोक सारखं केलं. "कडूबा, तुहं साल पुरं झालं. तू मोकळा. जा." कडूबा वाकला आणि गेला.

"आबा, चालूच हाय का हे अजून?" उत्तम हसला. "अन् नाई उचलली तर?"

"तर नाई," उकंडराव म्हणाले.

सकाळी दारी गुढी उभी राहिली. तानुबाई साखरेच्या गाठीची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. उत्तम लिंबाची काडी चावत ओट्यावर उभा होता, तुतारीपासून हातभर अंतरावर. उकंडराव चहाची कपबशी हातात धरून बसले होते, न पिता. आणि घुंगरं वाजली.

तानुबाईंचा चेहरा एकदम उजळला. मान वर झाली, हात पुढं आला. "उत्तम?" त्या म्हणाल्या. "तूनं उचलली, बापा?"

उत्तमनं तोंडातली काडी काढली.

"मी, माय," कडूबा खालून म्हणाला. तुतारी त्याच्या हातात होती आणि ती कुठं लपवावी हे त्याला कळत नव्हतं. "मी कडूबा."

"हाव का?" तानुबाई म्हणाल्या. पुढं आलेला हात त्यांनी वाटीत घातला, एक गाठी काढली आणि आवाजाच्या दिशेनं धरली. "ये, बस. तोंड गोड कर."

त्या संध्याकाळी नीळकंठ मास्तर घरावरून जात होते, त्यांना थांबवून तानुबाईंनी काहीतरी विचारलं.

उत्तम निघाला त्या दिवशी गाडी जुंपताना तानुबाई म्हणाल्या, मीही येते दुसरबीडपर्यंत. काखेत गाठोडं होतं. उकंडरावांना वाटलं, मुलासाठी काही लाडू-चिवडा असेल. वाटभर उत्तम बडबडत होता: पुढच्या वर्षी मोठी सुटी काढतो, शरयूला आणतो, बाळ दाखवतो, डोळे काढतो. कडूबा घुंगरं वाजवत होता. तानुबाई ऐकत होत्या.

जालन्याकडची एसटी आली, धुळीनं माखलेली. उत्तमनं बापाच्या पायाला हात लावला, मग आईच्या. "येतो, माय."

'येजो' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. पण तानुबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. धान्य निवडतात तशी त्यांची बोटं त्याच्या कपाळावरून, भुवयांवरून, मिटलेल्या डोळ्यांवरून फिरली, हनुवटीपर्यंत आली.

"उत्तम," त्या म्हणाल्या, "तुहं साल पुरं झालं, बापा. तू मोकळा."

"माय..."

"जा."

उकंडराव एकदम वळले. प्रवासाला निघालेल्या पोराला 'जा' म्हणावं? उत्तम तसाच उभा होता. तो या घरात वाढला होता. दंडक त्यालाही माहीत होता. कंडक्टरनं घंटी मारली. तो गाडीत चढला आणि खिडकीतून बाहेर न पाहता समोरच्या बाकाला दोन्ही हातांनी धरून बसला. गाडी गेली. तिचा आवाज येईनासा होईपर्यंत तानुबाई तिकडं तोंड करून उभ्या होत्या.

कडूबानं बैल वळवले.

"नको," तानुबाई म्हणाल्या. "तू जाय घरी. म्हशीले चारा टाकजो." मग नवऱ्याकडं वळून, "मेहकरची गाडी केव्हा येते?"

उकंडरावांनी तेव्हा कुठं गाठोड्याकडं नीट पाहिलं. लाडू नव्हते. घडी केलेलं लुगडं होतं, चादर होती, पेला होता.

मेहकरची गाडी आली तेव्हा उन्हं चढली होती. उकंडरावांनी बायकोचा हात धरला, चारचौघांत, उघड्या रस्त्यावर, आणि तिला पायरीवर चढवलं. कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "कुठी जाता, आजी?"

"हिवऱ्याले. आश्रमात."

"दर्शनाले?"

"डोये काढाले. शिबिर हाय ना उद्यापासून."

"कोन डाक्टर येऊन राह्यला?"

तानुबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि गाठोडं मांडीवर नीट घेतलं.

"नाव नाई माईत, बापा," त्या म्हणाल्या. "कोन्या तरी मायचा पोरगा असन."